करोडगिरीच्या नाक्यावरचा मत्तय

मराठी मुलखात काम केलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांची चरित्रे आणि ज्या ग्रंथांच्या प्रसारासाठी ते येथे आले ती चार शुभवर्तमाने यांचा अभ्यास सहसा वेगवेगळा होतो. चरित्रे इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडे जातात, शुभवर्तमाने धर्मशास्त्राच्या. दोन्हींची पार्श्वभूमी एकत्र ठेवून पाहिली, तर मात्र एक गोष्ट ठळकपणे जाणवते. येशूचा गालील हा कोरडवाहू शेतीचा, सावकारीने गांजलेला, परक्या साम्राज्याच्या छायेतील एका मांडलिक राजाचा प्रदेश होता, आणि अशा प्रदेशाचे व्यवहार बॉस्टन किंवा एडिंबरोच्या वाचकापेक्षा निजामाच्या बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याला अधिक सहज समजण्यासारखे होते. मिशनरी जे पुस्तक दूरवरून घेऊन आले, त्यातील कितीतरी गोष्टींचा उलगडा करणारी सामग्री त्यांना बीडच्या बालाघाट डोंगररांगेच्या परिसरातच पडलेली सापडली असती. काहींना ती सापडलीही.

आधी भूगोल पाहिला पाहिजे. बीड जिल्ह्याच्या पश्चिमेला अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा आहे आणि आष्टीच्या बाजूला काही अंतर सीना नदी या दोहोंमधून वाहते. उत्तरेला गोदावरी ओलांडली की जालना लागते. ब्रिटिश काळात नगर थेट इंग्रज सरकारच्या ताब्यात होते, तर बीड आणि जालना हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. नगरला अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये ठाणे मांडले आणि जालन्याला स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे काम नारायण शेषाद्रींनी उभे केले. अशा रीतीने बीडच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या परंपरांची केंद्रे होती आणि त्यांच्यामधून एक राजकीय सीमारेषा गेली होती.

ही सीमारेषा केवळ नकाशावरची नव्हती. निजामाच्या राज्यात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात बसे आणि ती वसूल करणाऱ्या खात्याला ‘करोडगिरी’ म्हणत. नाणेही निराळे होते: निजामी मुलखात ‘हाली सिक्का’ चाले, तर इंग्रजी मुलखात ‘कलदार’, सात हाली रुपये मोजावेत तेव्हा साधारण सहा कलदार हाती येत. बाजारासाठी सीमा ओलांडणाऱ्या माणसाला नाका आणि सराफ या दोघांशी गाठ घालूनच पुढे जावे लागे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून हाली रुपयावर चारमिनार दिसू लागला, तर कलदारावर इंग्लंडच्या राजाचा मुखवटा असे.

आता गालीलकडे वळता येईल. इसवी सनापूर्वी 4 मध्ये हेरोद राजा मेला आणि रोमच्या संमतीने त्याचे राज्य त्याच्या मुलांत वाटले गेले. गालील हेरोद अंतिपाच्या वाट्याला आले आणि इ. स. 39 पर्यंत त्याच्याकडे राहिले. यरुशलेम व यहूदिया हा भाग मात्र इ. स. 6 पासून रोमच्या प्रत्यक्ष अंमलाखाली, रोमन सुभेदाराच्या हाती गेला. एकच भाषा, एकच धर्म, एकच सणवार, परंतु एक भाग मांडलिक राजाचा आणि दुसरा थेट साम्राज्याचा, अशी ही विभागणी मराठवाड्यातील जुन्या पिढीला निराळी समजावून सांगण्याची गरज पडू नये. लूकच्या शुभवर्तमानात पिलात हा सुभेदार येशू गालीलचा आहे हे कळताच त्याला अंतिपाकडे पाठवून देतो, हा प्रसंग हद्दीचा प्रश्न ध्यानात घेतला म्हणजेच नीट उमगतो: आरोपी निजामी हद्दीतला निघाला की प्रकरण तिकडे ढकलण्याची सोय असे.

कफर्णहूम हे गाव अंतिपाच्या राज्याच्या टोकाला, गालील सरोवराच्या काठी होते. तेथून थोड्याच अंतरावर त्याच्या भावाची, फिलिपाची हद्द लागे. ज्या नाक्यावरून येशूने एका माणसाला आपल्यामागे येण्यास सांगितले तो नाका याच परिसरातला. मार्क व लूक त्या माणसाचे नाव लेवी असे देतात आणि पहिले शुभवर्तमान त्याला मत्तय म्हणते. मराठी भाषांतरात त्याच्या धंद्याला ‘जकातदार’ हा शब्द आला, आणि तो फार नेमका आहे. त्या काळी पुष्कळ ठिकाणी कर व जकात मक्त्याने दिली जाई. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारात भरे आणि वर जे काही सुटेल ते त्याचे असे. त्यामुळे शुभवर्तमानांत जकातदार हा शब्द ‘पापी’ या शब्दाच्या जोडीने येतो. केवळ कर घेणे हे त्याचे पाप नसून, किती घ्यायचे हे तोच ठरवीत असे. निजामाच्या राज्यात पहिल्या सालारजंगाने 1853 मध्ये दिवाणगिरी हाती घेतली आणि पुढे 1865 मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे पगारी अधिकाऱ्यांच्या हाती वसुली देणारी जिल्हावार व्यवस्था, आणली. त्यापूर्वी बऱ्याच भागांत महसूल इजाऱ्याने, म्हणजे मक्त्यानेच, दिला जात असे. इजारदाराचा हिशेब माहीत असलेल्या गावाला मत्तयाच्या घरच्या जेवणावरून एवढा गहजब का झाला हे टीप वाचून शिकावे लागले नसते.

नाण्यांचीही गोष्ट अशीच. यरुशलेमच्या मंदिरासाठी द्यावयाचा वार्षिक कर सोर नगराच्या चांदीच्या नाण्यांत भरावा लागे, कारण त्या चांदीचा कस भरवशाचा होता. वास्तविक त्या नाण्यावर परक्या दैवताची प्रतिमा होती, पण कसापुढे ती चालवून घेतली जाई. रोमचा चांदीचा दीनार निराळा, त्यावर कैसराचा, म्हणजे सम्राटाचा, मुखवटा. मंदिराच्या आवारात सराफ बसलेले असत ते या अदलाबदलीसाठी. येशूने त्यांचे चौरंग उलथले, ही कृती बट्टा देऊन हाली-कलदार बदलून घेणाऱ्या वाचकाला जितकी थेट भिडेल तितकी एकाच चलनात वाढलेल्या वाचकाला भिडणार नाही. कैसराला कर द्यावा की नाही या प्रश्नावर येशूने आधी नाणे मागितले आणि त्यावर कोणाचा मुखवटा आहे असे विचारले. चारमिनार आणि राजाचा मुखवटा ही दोन्ही नाणी एकाच कनवटीला बाळगणाऱ्या माणसाला त्या प्रश्नाची धार आपोआप कळते.

फौजेच्या बाबतीतही हे साम्य दिसते, पण ते फार ताणू नये. कफर्णहूमच्या गोष्टीत एक ‘शताधिपती’, म्हणजे शंभर शिपायांवरचा नायक, येतो. अंतिपाच्या राज्यात त्या काळी रोमचे सैन्य तळ देऊन नव्हते, म्हणून तो अंतिपाच्याच चाकरीतला असावा असे पुष्कळ अभ्यासक मानतात. इकडे बीड जिल्ह्यात अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेस, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. या फौजेचा खर्च निजामाच्या माथी आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा; त्या खर्चाच्या थकबाकीपोटी 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. मांडलिक राज्यात शस्त्र कोणाच्या हाती असते हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच गुंतागुंतीचा होता.

शुभवर्तमाने लिहिली गेली ती या घटनांनंतर काही दशकांनी, ‘कोइने’ नावाच्या बोली वळणाच्या ग्रीक भाषेत. ‘शुभवर्तमान’ हा शब्द चांगली बातमी या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा अनुवाद आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्कचे लिखाण सर्वांत आधीचे, इ. स. 70 च्या आसपासचे. मत्तय व लूक यांनी त्याचा आधार घेतला आणि योहानाचे शुभवर्तमान शतकाच्या अखेरीचे. तोवर येशूच्या गोष्टी व वचने तोंडी फिरत होती. एकाच प्रसंगाचे तपशील चार ठिकाणी चार तऱ्हांचे का, ही शंका नव्या वाचकाला हटकून येते, आणि मराठी वाचकापाशी तिचे उत्तर घरचेच आहे. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या लीळा म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून जमविल्या. पुढे मूळ प्रत धामधुमीत नाहीशी झाली आणि स्मरणावरून पुन्हा सिद्ध केलेल्या पाठांमुळे ‘लीळाचरित्रा’ला वेगवेगळ्या परंपरा फुटल्या. लूकही आपल्या ग्रंथाच्या आरंभी प्रत्यक्षदर्शींकडून आलेल्या हकिगतींचा आपण कसून शोध घेतल्याचे सांगतो. गुरूच्या जाण्यानंतर शिष्यांनी स्मरण कसे राखले आणि त्या स्मरणाला ग्रंथरूप येताना काय बदलले, हे समजून घेण्यासाठी लीळाचरित्रासारखे दुसरे साधन कोणत्याही युरोपीय भाषेत सहजी सापडणार नाही. मिशनऱ्यांनी महानुभावांकडे या दृष्टीने फारसे पाहिले नाही. मात्र ते साहित्य सांकेतिक लिपीत कोंडलेले होते, हेही त्यांच्या बाजूने म्हटले पाहिजे.

येशूचे दाखले, म्हणजे उपदेशासाठी सांगितलेल्या छोट्या गोष्टी, शेतीचे असल्यामुळे ग्रामीण श्रोत्यांपुढे ते पटकन रुजतील असे कोणालाही वाटेल. तरी त्यातही खाचखळगे होते. पेरणाऱ्याच्या दाखल्यात काही बी वाटेवर, काही खडकाळ जागी आणि काही काटेरी झुडपांत पडते. मराठवाड्यात ज्वारी पेरली जाते ती तिफणीने. चाड्यातून नळ्यांवाटे बी थेट तासात उतरते. अशा शेतकऱ्याला तो पेरणारा अडाणीच वाटणार, कारण बी महाग आणि वाट डोळ्यांसमोर. पॅलेस्टाइनमध्ये बी मुठीने फोकले जाई आणि पुष्कळदा नांगर त्यानंतर फिरे, एवढा खुलासा केल्यावरच दाखला सरळ होतो. खडकाळ जमिनीविषयी मात्र बालाघाटावर काही समजावून सांगण्याचे कारण नाही: वर वीतभर माती, खाली मुरूम, पहिल्या पावसाला कोंब तरारून वर येतात आणि पंधरा दिवसांची उघडीप पडली की करपतात. तो शब्दशः पाटोदा-शिरूरच्या माळावरचा अनुभव आहे.

मजुरीचे व कर्जाचे दाखले याहून खोल जातात. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे, नंतर दुपारी, नंतर दिवस मावळायला आलेला असताना चौकात जाऊन बसलेले मजूर कामाला लावतो आणि सर्वांना सारखाच रोज देतो; पहाटेपासून राबलेल्यांची कुरकुर या दाखल्यात प्रामाणिकपणे नोंदली आहे, आणि उशिरापर्यंत बसून राहिलेल्यांचे उत्तर, आम्हाला कोणी कामच दिले नाही, हेही. दुसऱ्या एका दाखल्यात ज्या चाकराला दहा हजार तालांतांचे कर्ज माफ होते, तोच शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. एक दीनार म्हणजे मजुराचा साधारण एका दिवसाचा रोज आणि एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार. तेव्हा पहिले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके आणि दुसरे शंभर दिवसांचे. आकडा मुद्दाम अशक्य योजलेला आहे. आज ज्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात, जेथे नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून मोजली जाते, मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ हंगामभर फिटत नाही आणि पुढच्या हंगामाला बांधून ठेवते, तेथे न फिटणाऱ्या कर्जाचा दाखला केवळ आध्यात्मिक अर्थाने वाचणे अवघड आहे. गालीलच्या श्रोत्यांनीही तो तसा ऐकला नसावा.

हा ग्रंथ मराठीत आणण्याचे काम सोपे नव्हते. विल्यम कॅरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने भाषांतर केले. 1805 मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि 1811 मध्ये नवा करार निघाला. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी 1826 मध्ये आपला नवा करार छापला. ‘वल्हांडण’, ‘सभास्थान’, ‘शोमरोनी’ असे काही शब्द घडवावे किंवा उचलावे लागले. ‘शास्त्री’, ‘जकातदार’, ‘मेंढपाळ’, ‘भाकर’ हे हाताशीच होते. मोशेच्या नियमशास्त्राच्या यहुदी जाणकारांना ‘शास्त्री’ म्हटल्याने सामान्य श्रोत्याला अर्थ चटकन कळला, परंतु पुण्या-पैठणच्या शास्त्र्यांवर अप्रत्यक्ष टीकाही होऊन बसली. ती अनुवादकांना नकोशी होती असे मानण्याचे कारण नाही.

पण मराठी ख्रिस्ती साहित्याची खरी पहाट या आधी दोन शतके गोव्यात झाली होती. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्याला आला आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोल येथे छापले गेले. मराठीत, ओवी छंदात, जवळपास अकरा हजार ओव्यांचे. ज्या ओवीत त्याने येशूचे चरित्र गायिले ती ओवी ज्ञानेश्वर-एकनाथांची, आणि परंपरा मानली तर त्याही आधी अंबाजोगाईच्या मुकुंदराजाची, ज्याच्या ‘विवेकसिंधू’चा काळ 1188 सांगितला जातो. स्टीफन्स गोव्यात ओव्या रचीत होता त्याच सुमारास अंबाजोगाईत दासोपंत (1551–1615) गीतेवरचे अवाढव्य भाष्य लिहीत होते आणि कापडाच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ उतरवीत होते. दोघांची भेट होण्याचा संभव नव्हता, पण दोघांचे वळण एकाच घराण्यातले आहे.

मिशनरी चरित्रांकडे वळताना एक सावधगिरी हवी. ही चरित्रे बहुतांशी मायदेशातील देणगीदारांसाठी लिहिली गेली आणि त्यांत त्याग व मृत्यू यांना फार जागा आहे. मृत्यू मात्र खरेच होते. अमेरिकन मिशनरी सॅम्युएल न्यूएलची पत्नी हॅरिएट 1812 मध्ये हिंदुस्थानात स्थिरावण्याआधीच मॉरिशसला वारली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि तिच्या आठवणींचे पुस्तक अमेरिकेत अफाट खपले. न्यूएल 1821 मध्ये मुंबईत, गॉर्डन हॉल 1826 मध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर, आणि विल्यम हर्व्हे नगरला आल्यावर काही महिन्यांत, 1832 मध्ये, वारले, तिघेही पटकीने. या पुस्तकांत ज्यांची नावे क्वचित येतात ते म्हणजे त्यांना भाषा शिकविणारे पंडित, खेड्यांत फिरणारे देशी उपदेशक आणि ‘बायबल बाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया. सिंथिया फरार 1839 मध्ये नगरला येऊन 1862 पर्यंत मुलींच्या शाळांत राबली आणि सावित्रीबाई फुले यांनी तिच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. मिशनरी चरित्र म्हणून जे सांगितले जाते त्यापेक्षा हा एक धागा मराठी समाजात फार लांबवर गेला.

नारायण शेषाद्री यांचे जीवन या चौकटीत बसत नाही, आणि बीडच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. हे ब्राह्मण तरुण मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि 1843 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले आणि प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठा वाद पेटला, ज्यात बाळशास्त्री जांभेकर घेण्याच्या बाजूने उभे राहिले. एका घरातले दोन भाऊ, एक बाहेर गेला आणि एकाला परत आत घेण्यासाठी समाजात दुफळी पडली, हे चित्र धर्मांतराच्या किमतीविषयी पुष्कळ सांगून जाते. नारायणराव 1854 मध्ये दीक्षित पाळक झाले आणि पुढे जालन्याच्या बाजूला आले. तेथे सालारजंगाच्या सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी ‘बेथेल’ नावाचे खेडे वसविले. हिब्रू भाषेत या शब्दाचा अर्थ देवाचे घर. त्यांचे अनुयायी मुख्यतः मांग व महार समाजांतले होते. मुसलमान राजाच्या दिवाणाकडून जमीन, स्कॉटिश मंडळीकडून पैसा, आणि ब्राह्मण कुळातल्या पाळकाभोवती अस्पृश्य गणलेल्यांची वस्ती: हे जुळून येणे मांडलिक राज्याच्या सीमेवरच शक्य होते. 1873 मध्ये ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला गेले आणि 1891 मध्ये समुद्रप्रवासात वारले.

नगरच्या बाजूने हाच धागा नारायण वामन टिळकांनी वेगळ्या रीतीने पुढे नेला. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने दिलेला नवा करार वाचून, विशेषतः डोंगरावरील प्रवचनाने भारावून, त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला; त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहून 1900 मध्ये त्या वाटेने आल्या आणि त्या साऱ्याची हकिगत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिली. मिशनऱ्याच्या घरातले चरित्र आतून कसे दिसते हे पाहायचे असेल तर मराठीत त्या पुस्तकाला तोड नाही, आणि त्यातला विनोद कोणत्याही इंग्रजी मिशनरी चरित्रात सापडणार नाही. टिळक स्वतः तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. शुभवर्तमानांतील राजकीय पार्श्वभूमी ज्यांनी ध्यानात घेतली असेल त्यांना ‘दरबार’ हा शब्द सहज निवडलेला वाटणार नाही.

शुद्धाशुद्धीचा विषय शेवटी येतो, पण गालील आणि बालाघाट यांच्यातले सर्वांत जुने साम्य तेच आहे. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू भर दुपारी विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो आणि ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी असा व्यवहार ठेवीत नसत. भांड्याचा विटाळ हा त्या संकोचाचा एक भाग होता. पाणवठ्यावरची शिवाशीव पाहिलेल्या गावात या प्रसंगाला भाष्य लागत नाही. या शिवाशिवीशी झुंजण्याचे एक उदाहरण जवळचेच आहे: आष्टी आणि पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघांना 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर आणि पुष्कळशा दलित, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. दुष्काळी गावांत विंधन विहिरी घ्यायची वेळ आली तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसविण्याकडे आरोळ्यांचा कटाक्ष असे, आणि मग उरलेल्या गावाला हंडा घेऊन तेथे जावे लागे.